मशिनिस्टचा आयटीआय की ४ महिन्यांचा सीएनसी कोर्स, पैसे वसूल होतात का? (वय २५, बीकॉम)

घेवडा_कोरेगाव

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय २५, २०२१ ला बीकॉम झालो, तेव्हापासून साताऱ्यात एका कुरिअरच्या ऑफिसात बसतो, एंट्री मारणे आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणे ही दोन कामं. हातात १३,२०० येतात, त्यातले १,८०० गाडीच्या पेट्रोलला जातात, राहायचं-जेवायचं घरीच. घरी दीड एकर, सोयाबीन आणि घेवडा, पाऊस नीट पडला तर पडला. चार वर्षांत पगार ११ वरून १३ वर आला, आणि साहेब म्हणतात यंदा काही वाढ नाही.

तर डोक्यात असं आलंय की मशीनवरचं काम शिकावं. शाळेत असताना गावातल्या वर्कशॉपमध्ये मामाबरोबर बसायचो, लेथ चालताना बघायला आवडायचं, लोखंडाची ती निळी कुरळी चिप निघते ना ती खिशात घालून घरी आणायचो (आई ओरडायची). पण आवड वेगळी आणि हिशोब वेगळा. माझ्यापुढं आत्ता हे रस्ते दिसतात.

एक, सरकारी आयटीआय, मशिनिस्ट, २ वर्षं. फी कमी पण दोन वर्षं पगार बंद.
दोन, भोसरीत एक प्रायव्हेट सेंटर आहे, सीएनसी-व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी लोखंड कापायची मशीनं) प्रोग्रॅमिंग, ४ महिने, फी ५८,०००, "१०० टक्के जॉब गॅरंटी, पगार २५ हजारांपासून पुढे" असं फोनवरची मॅडम म्हणाली.
तीन, एक मित्र म्हणतो कोर्स-बिर्स काही करू नको, सरळ हेल्पर म्हणून घूस.

कुणी स्वतः केलंय का यातलं? सर्टिफिकेटचे पैसे खरंच परत येतात का, आणि किती दिवसांत? ज्ञान नको, आकडे सांगा प्लीज.


टॅली_झिंदाबाद

बीकॉम करून लेथवर? तीन वर्षं कशाला घालवली मग कॉलेजात. टॅली आणि जीएसटी शिक, एसीत बसून काम.


घेवडा_कोरेगाव

दादा टॅली येतं मला. आमच्या ऑफिसात टॅली येणारे तिघं आहोत, तिघांनाही १३ च आहे.


ऑफसेट_काका

पोरा, तुझी पोस्ट वाचून लिहायला बसलो नाहीतर मी इथं फक्त क्रिकेटच्या धाग्यावर असतो. सातारा एमआयडीसीत माझं छोटं शॉप आहे, दोन सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी, दोन जुने लेथ, ९ माणसं. म्हणजे तू जे सर्टिफिकेट घेणार ते ज्याच्या टेबलावर येऊन पडतं तो मी. मी काय बघतो ते सांगतो.

मुलगा आला की मी त्याच्यासमोर एक टर्निंग झालेला जॉब (म्हणजे मशीनवर कापलेला तुकडा), एक मायक्रोमीटर आणि एक ड्रॉइंग ठेवतो. डायमीटर सांग म्हणतो. गेल्या वर्षी असाच एक कोर्सवाला आला, फाइलमध्ये लॅमिनेट केलेली चार सर्टिफिकेटं, कॉम्प्युटरवर टूलपाथ (टूल कसं फिरणार तो रस्ता) काढून दाखवला एकदम झकास. मायक्रोमीटर हातात दिला तर रॅचेट (टोकाची, जोर बेताचा ठेवणारी कळ) सोडून थिंबलच (मोठी फिरती नळी) पिळायला लागला, सी-क्लॅम्पसारखा. झिरो तपासला नाही. ड्रॉइंगवर २५ एच ७ चा बोअर (भोक) होता, विचारलं म्हणजे किती, तर म्हणाला २५. अरे २५ ते २५.०२१, म्हणजे तुझ्याकडं २१ मायक्रॉनची जागा आहे, केसापेक्षा बारीक, त्याच्या बाहेर गेलास तर प्लग गेज (भोक तपासायची दांडी) नो-गो कडून, म्हणजे जिकडून जायला नको तिकडून, आत जाणार आणि जॉब भंगारात. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरगं वाईट नव्हतं, ५०-६० हजार घेऊन त्याला मशीनऐवजी स्क्रीन दाखवली होती एवढंच.

आता पगार. माझ्याकडं आणि आजूबाजूला जे चालतं ते सांगतो, मोठ्या कंपनीचं वेगळं असेल. ऑपरेटर, म्हणजे जॉब लावा, दार लावा, हिरवं बटण दाबा, माप घ्या, त्याला १४ ते १६. सेटर, जो नवीन जॉब मशीनवर बसवतो, जॉज (जॉब धरणारे जबडे) बोअर करतो, टूल लावतो, ऑफसेट (मशीनला टूलचं माप सांगणं) घेतो, पहिला पीस ओके करतो, त्याला २३ ते २८. प्रोग्रॅमर-सेटर, जो ड्रॉइंग हातात दिलं की फिक्स्चरपासून (जॉब धरायचा साचा) सगळं बघतो, त्याला ३५ च्या पुढं देऊनही टिकत नाही, चाकणवाले पळवतात.

आता सेटरला जास्त का? मी काय दानशूर नाही. माझं व्हीएमसी बँकेच्या कर्जावर आहे. नवीन जॉब बसवायला कच्चा माणूस पाच तास घेतो, चांगला सेटर दीड तासात बसवतो. ते साडेतीन तास मशीन बंद, पण हप्ता चालूच. महिन्यात असे १२-१५ सेटअप होतात, तूच गुण. म्हणजे पगार सर्टिफिकेटला नाही मिळत, मशीन उभं राहू न देण्याला मिळतो. म्हणून कुठलाही कोर्स घे, एकच प्रश्न विचार: चार महिन्यांत माझ्या स्वतःच्या हातानं किती सेटअप होतील? एका मशीनमागं किती मुलं? १५ मुलांत एक मशीन असेल तर फीचा आकडा न ऐकताच उठून ये.

आणि त्या २५ हजारांच्या गॅरंटीबद्दल: त्यांना सांग, लेटरहेडवर लिहून द्या.


चाकण_सी_शिफ्ट

काका बरोबर बोलतायत पण एक बाजू राहिली. मी मूळची परभणीची, मशिनिस्टचा आयटीआय केला २०१७ ते १९, सरकारी. आमच्या बॅचला तीन मुली होतो, इन्स्ट्रक्टर पहिल्या दिवशी म्हणाले तुम्ही कोपा का नाही घेतला (कॉम्प्युटरचा ट्रेड, मुली तिकडंच जातात). तेच सर नंतर शेपरवर व्ही-ब्लॉक माझ्याकडून करून घेऊन बाकीच्यांना दाखवायचे.

पैशाचं सांगते. फी नावापुरती होती, खरा खर्च खोली आणि डब्याचा. त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस, २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्याला कमीत कमी ७,००० स्टायपेंड, मला कंपनी थोडं वर द्यायची, ८,५०० हातात. पुण्यात ८,५०० मध्ये कसं राहायचं ते विचारू नका, चौघींत एक खोली. म्हणजे तीन वर्षं मी जवळजवळ काही कमवलं नाही, तेवढ्यात माझा चुलतभाऊ मोबाइलच्या दुकानात १२ हजार घेत होता आणि दिवाळीला मला टोमणे मारत होता. मग कॉन्ट्रॅक्ट. सात-आठ महिने झाले की ब्रेक, गेट पास जमा, पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं त्याच मशीनवर उभं. एका ठिकाणी तर तीन वर्षं सेटिंगचं काम केलं आणि सोडताना लेटरवर लिहिलं "ट्रेनी". भांडले, काही झालं नाही. तेव्हा कामाला आलं पीएफचं पासबुक, त्यात महिन्या-महिन्याची नोंद होती, पुढच्या इंटरव्ह्यूत तेच उघडून दाखवलं. त्यामुळं घेवडा भाऊ, पहिल्या दिवसापासून यूएएन (पीएफचा नंबर) आहे ना, भरणा होतोय ना, हे मोबाइलवर बघत जा, लोक बघतच नाहीत.

आता मी सीएमएमवर आहे (माप घेणारं मशीन), हातात २७,४००, कायम नाही पण कंपनीच्या रोलवर. चुलतभावाला अजून १५ आहे. वसूल झालं का, तर झालं, पण सातव्या वर्षी झालं. चौथ्या वर्षी विचारलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

आयटीआयचा फायदा कुठं होतो तर जिथं कागद लागतोच तिथं. रेल्वेच्या टेक्निशियनच्या जागा निघतात त्याला एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीचं (केंद्राच्या किंवा राज्याच्या ट्रेनिंग कौन्सिलचं) सर्टिफिकेट लागतं, प्रायव्हेट सेंटरचं रंगीत सर्टिफिकेट तिथं चालत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरी, डॉकयार्ड, सगळीकडं तेच. आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयला वरची वयाची अट नाही, ३० चे लोकही होते आमच्याकडं, पण रेल्वेची अप्रेंटिस साधारण २४ पर्यंतच घेतात (राखीव गटाला थोडी सूट), ती गाडी बहुतेक तुझी गेली.


६जी_चिपळूण

मशीनवाल्यांनी धागा भरलान, वेल्डिंगबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो. वेल्डरचा आयटीआय एकच वर्षाचा. मी केलेला. पण आयटीआय करून बाहेर पडलो तेव्हा मला ग्रील आणि शटर सोडून काही येत नव्हतं, चिपळुणात रोज ३५० वर दोन वर्षं गेली. पैसा आला तो ६जी (पाइप वेल्डिंगची अवघड टेस्ट) पास झाल्यावर. पाइप ४५ अंशात तिरका बांधलेला, हलवायचा नाही, तुम्ही वाकायचं, झोपायचं, उलटं बघायचं, टिगनं (वेल्डिंगची एक पद्धत) रूट, म्हणजे आतला पहिला थर, मारायचा आणि वरून ७०१८ च्या रॉडनं भरायचं, मग एक्स-रे. पहिल्यांदा फेल गेलो, रूटमध्ये खाली जिथं पाइपाखाली हात वळवावा लागतो तिथंच पोकळी राहिली होती. प्रॅक्टिसला पाइपाचे तुकडे आणि गॅस धरून २२,००० गेले, बायकोची बांगडी ठेवली.

पास झालो आणि जामनगरला शटडाऊनला (कारखाना बंद ठेवून दुरुस्ती चालते ते काम) गेलो रोज १,४०० वर, मग कतार, साडेतीन वर्षं. घर बांधलं. पण दोन गोष्टी सांगतो. ते क्वालिफिकेशन कायमचं नसतं, एएसएमई सेक्शन ९ मध्ये (वेल्डिंगच्या नियमांचं अमेरिकन पुस्तक) सरळ आहे, सहा महिने त्या प्रोसेसनं वेल्डिंग केलं नाहीत की गेलं, परत टेस्ट द्या. म्हणजे हे सर्टिफिकेट म्हणजे दुधाचं पातेलं, सारखं लक्ष ठेवायचं. आणि बाहेर जायचं तर एजंटला कायद्यानं ३०,००० अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, आमच्याकडून सव्वा लाख घेतलान एकानं, पावती ३० ची.

डोळ्याचं कोणी सांगत नाही. आर्क लागली की रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, बटाट्याच्या चकत्या ठेवून पहाट काढायची. हे बीकॉमवाल्यानं पगाराच्या हिशोबात धरावं.


बे_एरिया_ताई

थोडं अवांतर आहे पण विषय तोच म्हणून लिहिते. मी कॅलिफोर्नियात आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळं आलो, ग्रीन कार्ड झाल्यावर मी इथल्या कम्युनिटी कॉलेजला संध्याकाळचा मशीनिंगचा सर्टिफिकेट कोर्स केला. घरच्यांना अजून वाटतं मी "कॉम्प्युटरचं काहीतरी" केलंय. इथल्या रहिवाशाला फी युनिटमागं ४६ डॉलर, माझी सगळी मिळून २८ युनिट झाली, म्हणजे १,३०० डॉलरच्या आसपास, शिवाय बूट, चष्मा, मायक्रोमीटर. वर्गात निम्मे लोक दिवसा नोकरी करणारे, कुणी ट्रक चालवतो, एक आजोबा तर निवृत्त होऊन फक्त वाफेच्या इंजिनाचं मॉडेल बनवायला आलेले.

माप इंचात! हजारावा भाग इंच म्हणजे २५ मायक्रॉन, सगळे "थाऊ" म्हणतात, पहिला महिना मी मनातल्या मनात २५.४ नं गुणत होते.

एवढ्या फीत कोर्स फुकटच म्हणायचा, पहिल्या दोन महिन्यांच्या पगारात निघाला. सरकारी आकडेवारीत मे २०२४ ला अख्ख्या अमेरिकेत वेल्डरचा मधला पगार वर्षाला ५१,००० डॉलर होता. ऐकायला लय वाटतं पण आमच्या भागात एवढ्यात खोलीभाडंच निम्मं जातं. आणि हे वाचून कुणी तिकीट काढू नका, बाहेरच्या विद्यार्थ्याला फी कितीतरी पट लागते, व्हिसा वेगळा, आणि एरोस्पेस-डिफेन्सच्या शॉपमध्ये, जिथं चांगला पगार आहे, तिथं आयटारच्या (शस्त्रांची माहिती परदेशी माणसाला मिळू नये याच्या) नियमामुळं सहसा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालाच लागतो. इथंही काकांच्यासारखंच आहे, मुलाखतीला मला बोअर गेज दिला आणि म्हणाले मोज.


घेवडा_कोरेगाव

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री वही घेऊन बसलो (बीकॉमचा एवढाच उपयोग), चुकलं असेल तर सांगा.

आयटीआय: १३,२०० गुणिले २४, म्हणजे ३,१६,८०० पगार बुडणार, फी धरलीच नाही. चाकणच्या ताईंसारखं पुढं एक वर्ष अप्रेंटिस धरलं तर अजून. माझं वय तेव्हा २८.

भोसरी: फी ५८,०००, चार महिने पगार बुडाला ५२,८००, खोली आणि मेस महिना ७,५०० धरून ३०,०००. एकूण १,४०,८००. बरं, त्यानंतर समजा ऑपरेटर म्हणून १८ हजारांची नोकरी लागली, पुण्यात म्हणून थोडं जास्त धरलं, त्यातून खोली-मेस ७,५०० गेली की उरतात १०,५००. आणि आत्ता घरी राहून पेट्रोल जाऊन माझ्याकडं उरतात ११,४००. म्हणजे १,४०,८०० खर्च करून मी महिना ९०० रुपयांनी गरीब होणार!! तीनदा गणित केलं, तेच येतंय. सेटर होऊन २६ मिळाले तर १८,५०० उरतात, आत्तापेक्षा ७,१०० जास्त, तेव्हा वीस महिन्यांत पैसे परत. पण कोर्स करून लगेच सेटर होत नाही हे काकांनी सांगितलंच.

म्हणजे मित्र म्हणतो तेच बरोबर का? हेल्पर म्हणून घुसायचं?


टॅली_झिंदाबाद

हिशोब चांगला मांडलास, मान्य. भाडं मीही धरलं नव्हतं.


चाकण_सी_शिफ्ट

हेल्पर म्हणून मोठ्या कंपनीत घुसू नकोस. तिथं तुला एका मशीनवर एकच जॉब देतील, आठ तासांत ४०० पीस, वर्षभर तोच. आमच्या लाइनवर असे पोरं आहेत, चार वर्षं झाली, त्यांना प्रोग्रॅमचं पान कसं उघडायचं ते माहीत नाही, पानाला पासवर्डच असतो. छोट्या शॉपमध्ये जा, पगार कमी देतील पण सगळ्याला हात लावायला मिळतो. फक्त सुट्टी, पीएफ, ओटीचं आधी बोलून घे, छोट्या ठिकाणी तिथंच मारामारी असते. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा कायदा आहे, देतात किती ते काकांना विचार 🙂


ऑफसेट_काका

ताईंनी बरोबर जागी चिमटा काढला. देतो, पण दोन वर्षांपूर्वी देत नव्हतो, कबूल.

तुझ्या गणितात एक खोट आहे पोरा. तू पुण्याशिवाय दुसरं गावच धरलं नाहीस. खोली-मेसचे ७,५०० काढून टाक आणि परत मांड. सातारा, शिरवळ, कराडला तासवडे, इथं शॉप काय कमी आहेत? घरून ये-जा करून १४ हजारांवर ऑपरेटर झालास तरी आत्तापेक्षा ८०० जास्तच, आणि शिकतोस ते वरचं. दीड-दोन वर्षांत सेटिंग हातात आलं की मग आठवड्या-दोन आठवड्यांचा कोर्स कर, संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूममध्ये छोटे सीएनसीचे कोर्स असतात, तेव्हा तुला काय विचारायचं ते माहीत असेल. आत्ता कोर्सला गेलास तर फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेशील फक्त.

आणि आयटीआयचं दार बंद करू नको. सरकारी नोकरीची आस असेल तर दहावीच्या निकालानंतर फॉर्म निघतात, त्याला पर्याय नाही. घरात बसून ठरव, ते मी सांगू शकत नाही.

एक धोक्याचं पण सांगतो, कारण तू चिप खिशात घालणारा आहेस. माझ्याकडं एका पोरानं फॅनुकवर (मशीनच्या कंट्रोलवर) एक्स ५० टाइप केलं, ५० पुढचं टिंब राहिलं. आमच्या मशीनच्या सेटिंगला टिंब नसेल तर ५० म्हणजे ५० मायक्रॉन. टूल ५० च्या डायमीटरला थांबायच्या ऐवजी रॅपिडमध्ये (फुल स्पीडला) सरळ सेंटरकडं, होल्डर जॉबवर, जॉब चकातून (पकडीतून) सुटला, दाराच्या काचेवर. काच टिकली म्हणून हे हसत लिहितोय. एका टिंबाला मला ६५ हजार पडले. त्या पोराला मी काढलं नाही, आता तोच माझा सेटर आहे, आणि टिंब बघितल्याशिवाय कुणाला सायकल स्टार्ट दाबू देत नाही.


६जी_चिपळूण

६५ हजारांचा कोर्स तुम्ही केलात आणि सर्टिफिकेट त्याला मिळालं 😀


घेवडा_कोरेगाव

काका, एक विचारू का. तुमच्याकडं येऊन एक दिवस नुसतं बघितलं तर चालेल का? नोकरी मागत नाही, आधी बघायचंय मला जमेल का, आठ तास उभं राहणं वगैरे. रविवारी सुट्टी असते मला.


ऑफसेट_काका

ये की. रविवारी एकच मशीन चालू असतं, निवांत दाखवता येईल. पत्ता मेसेजमध्ये टाकतो. सकाळी ९ ला ये, चप्पल घालून आलास तर आत घेणार नाही, बूट घाल. फुल बाह्यांचा शर्ट नको, हातातलं कडं, दोरा, अंगठी घरी काढून ठेव, लेथवर तेवढ्यानं बोट जातं. डबा आण, आमच्याकडं चहाच मिळतो. आणि ती वही घेऊन ये, कुटेशनमध्ये माझं गणित कुठं चुकतंय ते मला तुझ्याकडून बघून घ्यायचंय.